डाव्या भुवईवरची सूज

दारातून बाहेर पडताना नायकाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असतं आणि रस्त्यावर येईपर्यंत ते लागलेलं असतं. अशा वेळी थिएटरात कुणीतरी एकजण शेजारच्याला कोपर मारून हसतो. ते कोपर मारलं जाऊ नये म्हणून ठेवलेली बाई म्हणजे मी. या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. ते दार डोंबिवलीतल्या एका फ्लॅटचं असतं, रस्ता ठाण्यातल्या कोपरीचा असतो आणि दोन्हींच्या चित्रीकरणात दीड महिना गेलेला असतो. तेवढ्यात नायकाने केस कापलेले असतात, त्याचं पोट सुटलेलं असतं. पडद्यावर मात्र दोन सेकंद गेलेले असतात. त्या दोन सेकंदांवर पहारा द्यायचा. मॉनिटरजवळ स्टूल टाकून बसायचं, मांडीवर वही, गळ्यात स्टॉपवॉच, फोटोसाठी फोन. कप कुठल्या हातात होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, नट कुठल्या शब्दावर उठला, सगळं लिहायचं. टेक संपला की दिग्दर्शक आधी कॅमेरामनकडे बघतो, मग माझ्याकडे. मी मान हलवली तर पुढचा शॉट. नाही म्हटलं तर तोच शॉट पुन्हा.

या अधिकाराची मला फार मिजास होती. एका नटाने जेवणाच्या सीनमध्ये पहिल्या टेकला मोठ्या हौसेने श्रीखंडाचे चार चमचे खाल्ले. पुढे बारा टेक झाले. बाराही वेळा मी त्याला सांगितलं, दुसरा चमचा 'आई' या शब्दावर आणि चौथा उठण्याआधी. तो अजून कुठे भेटला की मला बघून पोटावर हात ठेवतो. एका बाईंनी सासूच्या मयताच्या सीनमध्ये मधूनच हिऱ्याची कुडी घातली, कारण त्यांची मैत्रीण सेटवर आलेली. मी ती उतरवायला लावली. 'ही पोरगी कोपरीची आहे ना, तरीच,' असं त्या म्हणाल्याचं मला नंतर कळलं. मी ते प्रशस्तिपत्रक समजले.

कोपरीची म्हणजे एका छापखान्यातली. माझे बाबा पत्रकं छापायचे. गिरणीकामगारांची, भाडेकरूंची, पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्या बायकांची. शाळेतून आले की मी गठ्ठे मोजायचे आणि दुमडायचे. वाचायला शिकले तीही पत्रकांवरच, त्यामुळे माझ्या निबंधांत गाईसुद्धा आपल्या हक्कांसाठी उभ्या राहायच्या. बाबांचा एक नियम होता. पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. कायदा तसा आहेच, पण बाबांचं म्हणणं वेगळं होतं. बिननावाचं पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला दगड, ते म्हणायचे. तो लागला तरी आपला नाही आणि चुकला तरी आपला नाही.

हे सगळं सांगायचं कारण, बारा वर्षांच्या कामात मी एक दगड असा मारला. तो ज्याला लागला त्याची ही गोष्ट आहे.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. दिग्दर्शक माझ्याच वयाचा, डोळ्यांत झोप नसलेला, मनापासून काम करणारा माणूस. त्याने मला गोष्ट सांगितली ती अशी. बंद पडलेल्या कारखान्यात चोरून बॉक्सिंगच्या लढती लागतात. हातमोजे नाहीत, फक्त कापडाची पट्टी. पंच नाही. राउंड नाहीत. एकजण उठेनासा झाला की लढत संपली. काम गेलेले कामगार लढतात आणि गाड्यांतून आलेली माणसं पैजा लावून बघतात. 'माणसाच्या मार खाण्यावर जे जगतात, त्यांच्याविरुद्धचा सिनेमा करायचाय मला,' तो म्हणाला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. मला ते पत्रकच वाटलं, चांगल्या कागदावर छापलेलं.

चित्रीकरण शीळफाट्याजवळच्या एका खऱ्याच बंद कारखान्यात होतं. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. आत कायमची रात्र आणि दार उघडलं की डोळे दिपवणारं ऊन. भिंतींवर कलाविभागाने कामगारांची खोटी पत्रकं डकवली होती. त्यांवर छापणाऱ्याचं नाव नव्हतं. मी पहिल्याच दिवशी ते दाखवून दिलं आणि सगळी पत्रकं पुन्हा छापून आणली गेली. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. पडद्यावर ती पत्रकं अर्धा सेकंदही दिसत नाहीत. तळाशी नसलेलं ते नाव माझ्या नजरेतून सुटलं नाही, आणि पुढचे नऊ दिवस मी समोर काय बघत होते ते आता सांगते.

शेवटची मोठी लढत पडद्यावर बारा मिनिटांची होती आणि ती करायला आम्हाला नऊ दिवस होते. नायक लढणार जवळच्या शॉटमध्ये. बाकी सगळं त्याचा डबल करणार. डबल म्हणजे रूपेश. बाळकुमच्या कोळीवाड्यातला, एकोणतीस वर्षांचा, खरा बॉक्सर. राज्यपातळीपर्यंत जाऊन आलेला. आता समाजाच्या हॉलमध्ये मुलींना बॉक्सिंग शिकवायचा. त्याची आई नव्या टॉवरांच्या कोपऱ्यावर पाटी घेऊन मासे विकते. अंगाने नायकासारखा, वागायला मात्र अगदी उलट, म्हणजे वेळेवर येणारा. पहिल्या दिवशी त्याने मला येऊन विचारलं, 'ताई, माझं चुकलं तर तुम्ही सांगणार ना?' मी म्हटलं, त्याचसाठी बसलेय.

त्याचं चुकायचंच नाही. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करतात, तिला मार्क म्हणतात. नट तिथे थांबला तरच कॅमेऱ्यात नीट दिसतो. रूपेश खाली न बघता दर वेळी त्याच खुणेवर यायचा. डावी पट्टी आधी बांधायचा, मग उजवी. पाणी प्यायचा दोन घोट, तिसरा गुळणी करून टाकायचा. मी लिहून ठेवलंय म्हणून सांगते. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, तुझ्यासारखे चार असतील तर माझी नोकरी जाईल. तो म्हणाला, 'मग एक चूक करू का मुद्दाम?'

सिनेमातली मारामारी खोटी असते. ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो, कॅमेरा अशा कोनात ठेवतात की ती वीत दिसत नाही, आवाज मागून घालतात. पण आमच्या दिग्दर्शकाला कॅमेरा लढणाऱ्यांभोवती गोल फिरवायचा होता. फिरता कॅमेरा ती वीत पकडतो. म्हणून ठरलं की ठोसे लागतील, पण हलके. समोर कल्याणचा एक बॉक्सर होता, तोही कसलेला. फाइट बसवणारे शंकर मास्टर, साठीचे, एक कान फुलकोबीसारखा झालेला. त्यांनी दोघांना समोर उभं करून दाखवलं, एवढाच जोर, याच्यापुढे नाही. दोघांनी मान डोलावली. मीही वहीत लिहिलं: ठोसे हलके.

याच लढतीत एक भटका कुत्रा रिंगणातून पळत जातो असा शॉट होता. त्या एका शॉटसाठी रीतसर परवानगी आणलेली आणि एक पशुवैद्य दिवसभर खुर्ची टाकून बसलेले. कुत्रा पळाला, बिस्किट खाऊन झोपला. डॉक्टरांनी त्याचे पाय तपासले, कागदावर सही केली आणि गेले. माणसांसाठी फाटकाबाहेर रुग्णवाहिका उभी होती. तिच्यात चालक होता.

आता माझा तक्ता. सिनेमा सलग काढत नाहीत. जागेच्या, उजेडाच्या सोयीने काढतात. लढतीचा शेवट दुसऱ्या दिवशी काढला, मध्य चौथ्या दिवशी, सुरुवात सहाव्या. त्यामुळे कुठल्या मिनिटाला तोंडावर काय जखम हवी हे आधीच ठरवावं लागतं. मी चेहऱ्याच्या कोऱ्या चित्रांच्या चाळीस प्रती काढल्या आणि लाल पेन्सिलीने खुणा केल्या. तिसऱ्या मिनिटाला ओठ फाटतो. सहाव्याला उजवा गाल सुजतो. नवव्याला नाकातून रक्त. मेकअप करणारे विलासदादा तो तक्ता समोर लावून रंग आणि मेण लावायचे, नायकालाही आणि रूपेशलाही, म्हणजे दोघं एकच दिसावेत. विलासदादा डोंबिवलीचे, नाटकांत आयुष्य गेलेले. जखमा इतक्या खऱ्या करायचे की जेवणाच्या सुट्टीत नायकासमोर कुणी बसायचं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी टेक बघताना मला रूपेशच्या डाव्या भुवईवर सूज दिसली. तक्त्यात ती नव्हती. मी विलासदादांना हाक मारली आणि जरा वरच्या आवाजात विचारलं की डावी भुवई कुणी सांगितली, काढा ती.

विलासदादा पुढे आले, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, 'बाई, मी काढू कशी? मी लावलेलीच नाही.'

रूपेश हसला. 'काय नाय हो ताई, घासलं गेलं थोडं.'

मी त्याला बाजूला घेतलं. विचारल्यावर त्याने सांगितलं की आदल्या दिवशी एक ठोसा जरा जोरात बसला. संध्याकाळपासून डोकं जड होतं. आता बरं आहे. मी म्हटलं, हे मी आजच्या अहवालात लिहिते. रोजचा अहवाल निर्मात्यापर्यंत जातो, तो मी सही करून देते.

'लिहू नका ना ताई,' तो म्हणाला. 'लिहिलंत तर मला बसवतील आणि दुसरा आणतील. नवव्या दिवशी माझा चेहरा दिसणाराय. एक शॉट, समोरून. शेवटी नायकाच्या जागी क्षणभर दुसऱ्याच कामगाराचा चेहरा येतो, तो सरांनी मला दिलाय. माझ्या मुली बघणार आहेत, हॉलमधल्या.' मग म्हणाला, 'तुम्हाला कळत नाही ते. बॉक्सरला एवढं लागतंच.'

मला खरंच कळत नव्हतं. आणि माणूस स्वतःच्या अंगाबद्दल बोलत असताना आपण कोण सांगणारे, असंही वाटलं. हे तत्त्वाचं वाटलं म्हणून जास्तच पटलं. आम्हा पत्रकांवर वाढलेल्या लोकांची हीच खोड. एखादी गोष्ट तत्त्वात बसली की आम्ही तिच्याकडे पुन्हा बघत नाही.

पण सूज तर कॅमेऱ्यात आली होती. दिग्दर्शक कपाळ धरून बसला. सकाळचे सगळे टेक वाया जाणार होते. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण न जुळणारं जुळवणं हे माझं काम. आणि मला सुचलं. अजूनही तो क्षण आठवला की आधी अभिमान वाटतो आणि मग त्याचीच लाज. मी म्हटलं, सूज काढता येत नाही तर ती गोष्टीत घेऊ. नायकाच्या डाव्या भुवईवर मेणाची सूज लावा, म्हणजे दोघं जुळले. आणि ती कुठून आली हे दाखवायला आधीच्या भागात एक ठोसा वाढवा. तो भाग आपण उद्या काढतोय. शेवटी तोंड रक्ताने माखलेलंच आहे आणि सुरुवातीला रूपेश पाठमोरा, तिथे भुवई दिसत नाही.

दिग्दर्शकाने टाळी वाजवली. विलासदादा मेण मळायला गेले. खऱ्या सुजेची नक्कल त्यांनी दहा मिनिटांत नायकाच्या तोंडावर उभी केली.

अहवालाच्या शेऱ्यात मी लिहिलं: 'जखमांच्या तक्त्यात बदल. डावी भुवई, चौथ्या मिनिटापासून.' कुणाची भुवई, का सुजली, काही नाही. आणि खाली सहीच्या जागी घाईत नुसती रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी तो वाढवलेला ठोसा काढला. सूज डाव्या भुवईवर होती, म्हणून ठोसा डाव्या भुवईवर. कॅमेरा फिरता, म्हणून ठोसा खरा. तो कुणी खाल्ला हे वेगळं सांगायला नको. पाच टेक झाले. त्यातले दोन मी नामंजूर केले, एकदा घामाचा ओघळ चुकीच्या बाजूला होता म्हणून आणि एकदा मान उशिरा वळली म्हणून. आधीच दुखावलेल्या जागेवर मी माणसाला पाच वेळा मारून घेतलं, आणि ते कशासाठी, तर ती जागा का दुखावली हे प्रेक्षकाला कळावं म्हणून. हे वाक्य मला त्या दिवशी सुचलं नाही. त्या दिवशी मी वहीत 'छान' असं लिहिलं.

सहाव्या दिवसापासून रूपेश चुकायला लागला.

पहिल्यांदा मार्क चुकला, वीतभर डावीकडे. मी नाही म्हटलं, टेक पुन्हा झाला. मग पाण्याची बाटली घेताना हात बाटलीच्या बाजूने गेला. मास्टरांनी सांगितलेलं तो पुन्हा विचारायला लागला, तेही दोन मिनिटांत. सातव्या दिवशी उजवी पट्टी आधी बांधली. बाहेर चहाला गेलो तर उन्हात डोळे मिटूनच उभा. आठव्या दिवशी मागच्या भिंतीशी जाऊन ओकून आला आणि वडापाव बाधला म्हणाला. मी हे सगळं लिहीत होते. 'रूपेश, मार्क चुकला.' 'रूपेश, डावं-उजवं उलट.' एखाद्या आजाऱ्याच्या पायाशी लावलेला कागद असावा तशी वही भरत होती, आणि ती भरणारी बाई ती चुकांची यादी समजत होती.

अगदी काहीच कळत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. सातव्या दिवसापासून 'ॲक्शन' म्हटलं की मी मॉनिटरऐवजी रूपेशच्या पायांकडे बघायचे. एकदा मी दिग्दर्शकाजवळ जाऊन म्हटलं की रूपेश दमलाय, एक दिवस सुट्टी देऊ. तो म्हणाला, 'त्याला विचार ना.' मी विचारलं. रूपेश म्हणाला, 'दोनच दिवस राहिलेत ताई.' आणि माझ्या हातात जे एकमेव हत्यार होतं ते उलटं चालत होतं. मी 'नाही' म्हटलं की चित्रीकरण थांबत नव्हतं. मी 'नाही' म्हटलं की तोच ठोसा पुन्हा बसत होता. रात्री घरी गेल्यावर मी बाबांना हे सांगायचं ठरवायचे आणि जेवून झोपायचे. त्यांनी दुसरं काही विचारायच्या आधी सही कुठंय असं विचारलं असतं.

नववा दिवस. रूपेशचा समोरून शॉट. दुसऱ्या दिवशी लढतीचा जो शेवट काढला होता, त्यात नायकाच्या डाव्या हाताची पट्टी सुटून लोंबत असते. म्हणून या शॉटमध्येही ती लोंबतीच हवी होती. सकाळपासून चार टेक झाले, चारही वेळा ती लोंबत होती, पण कॅमेरा अडखळला. पाचव्या टेकच्या आधी मी फोटो काढायला रिंगणात गेले. रूपेश कोपऱ्यात खाली मान घालून डावी पट्टी बांधत होता. घट्ट, नीट, फेऱ्यावर फेरा, शेवटचं टोक आत खोचून.

मी म्हटलं, 'रूपेश, पट्टी सुटी हवी ना आपल्याला?'

त्याने वर बघितलं. डोळे माझ्यावर होते, पण मी त्यांत नव्हते. तो म्हणाला, 'कितवा राउंड चालूय?'

आमच्या लढतीत राउंड नव्हते.

मी फोटो काढायचाही विसरले. मागून 'रोल' असं कुणीतरी ओरडलं, दिवे वाढले, कॅमेरा फिरायला लागला. मी धावत बाहेर आले, कारण कॅमेऱ्यात येऊ नये हे हाडात भिनलेलं. तो टेक झाला. रूपेशने तीन ठोसे खाल्ले आणि शेवटच्या ठोशानंतर कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं. सगळा सेट गप्प झाला, इतकं ते खरं होतं. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. त्याने माझ्याकडे बघितलं.

पट्टी बांधलेली होती. न जुळणारी, ढळढळीत, मध्यभागी. बारा वर्षांत मी अशी चूक सोडली नव्हती. मी म्हटलं, 'ओके.'

'खात्री?'

'ओके आहे. पुढे चला.'

कॅमेरामन म्हणाला, सेफ्टीसाठी एक घेऊ. सगळं चांगलं झालं तरी एक जादाचा टेक काढून ठेवतात, त्याला सेफ्टी म्हणतात. दिग्दर्शकाने बोट वर केलं, एकच.

मी उठले आणि रूपेशच्या मार्कवर जाऊन उभी राहिले. मला भाषण सुचलं असतं, भाषणं मला जन्मापासून पाठ आहेत. पण मी एवढंच म्हणाले, 'तो मला कितवा राउंड विचारतोय.'

दिग्दर्शकाला कळलं नाही. शंकर मास्टरांना कळलं. ते हातातला चहा तसाच टाकून आले, रूपेशची हनुवटी वर केली, डोळ्यांत बघितलं आणि त्याला विचारलं, 'बाळा, आपण कुठे आहोत?' 'हॉलमध्ये,' रूपेश म्हणाला. मास्टरांनी ती घट्ट पट्टी सोडायला घेतली.

रुग्णवाहिकेत नुसता चालक होता हे सांगितलंच आहे. मागे मी आणि मास्टर. शीळफाट्याला ट्रक आडवे लागलेले, भर दुपारी, पुढे सरकायला जागा नाही. चालक भोंगा वाजवत होता आणि बाजूचे लोक आपल्याच गाड्यांकडे बघत होते. मास्टर म्हणाले त्याला झोपू देऊ नका, बोलत राहा. मला दुसरं काय येतं? मी वही काढून प्रश्न विचारत गेले. पहिल्या दिवशी तुझा शर्ट कुठला होता? निळा, तो म्हणाला. बरोबर. कुत्रा कुठल्या बाजूने आला? उजव्या. बरोबर. ओठ कितव्या मिनिटाला फाटतो? त्याने तोंडाला हात लावला आणि म्हणाला, 'फाटलाय काय माझा ओठ?' त्यानंतरची सगळी उत्तरं चुकीची आली. मी प्रत्येकापुढे फुली मारत होते. ते पान अजून आहे. त्यावरच्या फुल्या कागद फाटेपर्यंत दाबलेल्या आहेत.

ठाण्याच्या रुग्णालयात सांगितलं की डोक्यात थोडा रक्तस्राव झालाय. आधीच्या मारातून सावरायच्या आत पुन्हा पुन्हा मार बसलाय. आणखी एखादा बसला असता तर, एवढंच म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. त्या 'तर'च्या पुढे मी आजवर गेलेले नाही. रूपेशची आई आली, कमरेला खोचलेला पदर तसाच, हाताला मासळीचा वास. मी कोण ते तिला कुणीतरी सांगितलं. तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, 'बाय, तुजं काम बगायचं ना? मंग नऊ दिस काय बगत व्हतीस?'

त्या संध्याकाळी मी नऊ दिवसांचा अहवाल पुन्हा लिहिला, भुवईपासून राउंडपर्यंत, आणि वाढवलेला ठोसा माझ्या सांगण्यावरून हेही त्यात लिहिलं. खाली पूर्ण नाव टाकलं. तो निर्मात्याला दिला, मास्टरांनी त्यावर सही केली, विलासदादांनीही केली. उपचारांचा खर्च निर्मात्यांनी केला. पुढच्या सिनेमाला त्यांनी मला बोलावलं नाही. हे दोन्ही मी अपेक्षित धरलं होतं. त्याच कंपनीने आता सेटवर डॉक्टर ठेवायला सुरुवात केलीय असं विलासदादा सांगतात, माणसांसाठीसुद्धा.

सिनेमा लागला, नावाजला गेला. सुरुवातीला पाटी येते की या चित्रीकरणात कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही. ती अक्षरशः खरी आहे. शेवटी रूपेशचा चेहरा येतो आणि थिएटर गप्प होतं. मग फोनवर एक तुकडा फिरायला लागला. त्यात पट्टीभोवती लाल गोल काढलेला आणि वर लिहिलेलं, 'कंटिन्युइटीवाली झोपली होती काय?' धंद्यातल्या लोकांनी मला तो सांत्वनासह पाठवला. बारा वर्षांतला तो माझा सर्वांत चांगला टेक आहे. दुःख आहे ते चौथ्या दिवसाचं, आणि तिथे कुणी लाल गोल काढलेला नाही. तिथे सगळं अगदी जुळतं.

दोन महिन्यांपूर्वी रूपेशने मला बाळकुमला बोलावलं. बॉक्सिंग त्याला कायमचं बंद आहे. मुलींना खुर्चीवर बसून शिकवतो. नववा दिवस त्याला आठवत नाही, अजिबात. फोनवरचा तो तुकडा त्याने शंभर वेळा बघितला होता. 'ही पट्टी मी कधी बांधली ताई?' त्याने विचारलं. 'तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना?'

मी वही घेऊनच गेले होते. त्याला नववा दिवस हवा होता. मी चौथ्यापासून वाचायला सुरुवात केली. कारण तो वाढवलेला ठोसा दिग्दर्शकाने सुचवला, असंच तो इतके दिवस समजत होता. मी वाचून दाखवलं की तो मी सुचवला. दोन टेक कशासाठी नामंजूर केले तेही वाचलं. घाम. मान. तो ऐकत राहिला. बाहेर टॉवरच्या कामावरची कसली तरी यंत्रं घरघरत होती. शेवटी मी वही मिटली.

त्याने मिटलेल्या वहीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, 'मीच लिहू नका बोललेलो.'

मी म्हटलं, 'तू लिहू नका म्हणालास. जुळवा असं म्हणाला नव्हतास.'

तो उठून आत गेला. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. मी चपला शोधायला लागले. तर तो ताटली घेऊन आला, तीत चारपाच बोंबील आणि मूठभर मांदेली. त्या मारानंतर त्याला वास येईनासा झालाय. कशाचाच येत नाही. कोळ्याच्या घरात मासळीचा वास न येणारा माणूस. आई घरात असली की ती बघते, नसली की शेजाऱ्यांना विचारावं लागतं, आणि त्याची त्याला लाज वाटते.

'आय अजून यायची आहे,' तो म्हणाला आणि ताटली माझ्या नाकाशी धरली. 'बघा ना, ताजी हाय काय.'

मी घाई केली नाही. ताटली हातात घेतली, उजेडात नेली, मांदेलीचे कल्ले उघडून बघितले, प्रत्येक बोंबील वेगळा उचलून हुंगला. एक जरा नरम होता, तो बाजूला काढून ठेवला.

'हा नको,' मी म्हटलं. 'बाकीचे ताजे आहेत.'

त्याने नको असलेला बोंबील मांजरीला टाकला आणि बाकीचे धुवायला घेतले.